मागच्या सीटवरचा मुराळी

श्रीपूर

गाडीच्या आत बसणाऱ्याचे किती हाल होतात किंवा होत नाहीत, यावर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आमच्या नाशिकच्या मासिकात इंजिनावर लिहायला दोघे पुरुष आहेत. ते गाडी किती पळते ते सांगतात. पळताना मागच्या माणसाचे गुडघे कुठे जातात, डिकीत काय मावतं, सीट दोन तासांनी टोचायला लागते का, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या, शुभदाच्या, लेकीचं बारसं श्रीपूरला ठरलं आणि तिच्या सासऱ्यांनी नवी गाडी घेतल्याचं कळलं, तेव्हा मी बारशाला निघाले की गाडी बघायला, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

सासऱ्यांना इकडे सून मामा म्हणते. शुभदा म्हणते म्हणून मीही मामाच म्हणते. मामांचा ऊस आहे, म्हशी आहेत, मिशा आहेत आणि बारीकसारीक गोष्टीत हट्ट आहे. कारखान्याच्या मळीचा वास अंगणापर्यंत येत होता, आणि त्या अंगणात, कडब्याच्या गंजीशेजारी, एक काळीभोर बसकी सेडान उभी होती. सिग्नल सुटला की बाकीच्यांना आरशात मागे टाकणारी, त्यातली. पलीकडे दोन म्हशी तिच्याकडे बघत रवंथ करत होत्या.

"कशी हाय?" मामा म्हणाले.

मी दार उघडलं. लाल दोऱ्याची शिलाई, कमरेला दोन्हीकडून धरून ठेवणाऱ्या पुढच्या सीटा, दाराच्या कडेने फिरणारी रंगीत लाइटची रेघ, छताला भली मोठी काच. जीव हरखून गेला. बसले, तर खालून चर्रर्र असा आवाज. सगळ्या सीटांवर शोरूममधलं प्लास्टिक तसंच!

"मामा, हे काढलं नाहीत?"

"काढायचं? का म्हून? डाग पडंल की."

"पण दसऱ्याला घेतलीत ना?"

"म्हंजी नवीच हाय न्हवं."

आता हे प्लास्टिक-प्रेम आमच्या नाशिकला नाही असं नाही. माझ्या काकांच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. पण या गाडीच्या सीटांना बारीक भोकं असतात आणि त्यातून पाठीला गार हवा येते. मी कौतुकाने बटण दाबलं. हवा आली आणि प्लास्टिकखाली अडकली. बघता बघता सीट फुगली आणि मी वर उचलली गेले. मामा खूश झाले. त्यांना ते फीचरच वाटलं.

जेवताना खरी गोष्ट कळली. बारसं तीन दिवसांवर. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं, पण शुभदाचा नवरा, महेश भावजी, एकुलते एक, त्यांना बहीण नाही. मग तो मान मामांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा. आक्का दिल्या आहेत अक्कलकोटच्या पलीकडे, अगदी कर्नाटकच्या सीमेवर. आणि आक्कांना गाडी लागते. साधीसुधी नाही. एसटी लागते, जीप लागते, उभा असलेला टेम्पोसुद्धा लागतो. महेशच्या बारशाला त्या अशाच निघाल्या होत्या, मोहोळपर्यंत येता येता अर्धमेल्या झाल्या आणि तिथूनच परत न्यावं लागलं. त्यानंतर त्या माहेरी आल्या त्या फक्त वडील गेले तेव्हा, जीपमध्ये आडव्या पडून.

"आमच्या घरात कुनालाबी गाडी लागत न्हाय," मामा भाकरी मोडत म्हणाले. "ही एकलीच. तिकडचं पानी लागलं तिला. आन् थोडं नाटकबी असतंय." मग घास तसाच धरून थांबले. "पर नातीचं नाव आक्काच ठिवनार. त्यासाठी तर घेतली ही गाडी. शोरूमवाल्याला म्हनलं, सगळ्यात गुळगुळीत पळनारी दाव. त्यानं ही दावली."

शोरूमवाल्याने गुळगुळीत आणि सुसाट यात थोडी गल्लत केली होती, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

"मग आणायला कोण जाणार?"

"मुराळी मी. अन् गाडी चालवनार तुमी. आपल्याच्यानं न्हाय हुत. पाय ठिवला की पळतीय."

लेकीला माहेरी न्यायला तिच्या सासरी जाणारा माणूस म्हणजे मुराळी. आमच्याकडे हा शब्द आता फक्त आजीच्या तोंडी उरला आहे. इथे मुराळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी नीट करून, पुढच्या सीटवर बसतो.

आक्कांचं गाव

वाटेवर सगळीकडे ऊस. उसाच्या बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, एकामागे एक दोन दोन ट्रॉल्या आणि त्यातून लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. बसक्या गाडीतून बघताना ट्रॉलीची चाकं थेट डोळ्यांसमोर येतात. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासत होतं आणि प्रत्येक वेळी मामा स्वतःचं पोट आत घेत होते.

सोलापूर ओलांडून अक्कलकोट रस्त्याला लागलो आणि पुढे पाट्या, बोलणं, सगळं हळूहळू कानडी झालं. आक्कांच्या दारात पोचलो तर त्या तुळशीजवळ उभ्या होत्या. उंच, काटक, कपाळावर भस्म, हातात पाण्याचा तांब्या. मला बघून म्हणाल्या, "बर्री, बर्री! या, या! ड्रायव्हर बाई हाय व्हय!" आणि इतक्या मोकळ्या हसल्या की मला त्या तिथेच आवडल्या.

त्या दिवशी मी जे जेवले त्यावर एक वेगळा लेख होईल. पापडासारखी कडक भाकरी, ती मोडून वर तेलात कालवलेली शेंगाचटणी, भरलं वांगं आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या ना" म्हणतात. इथे न विचारता वाढतात. मी ताटावर आडवा हात धरला तर आक्कांनी तो बाजूला करून वाढलं.

"साकु, आक्का, साकु," मी म्हणाले. पुरे म्हणायला साकु, एवढं कानडी मी तासाभरात शिकले होते, आणि त्याचा काही उपयोग होत नाही हेही.

जेवणं झाल्यावर मामांनी विषय काढला. आक्का भावाकडे वळल्या.

"शिवा, मला नगं नेऊस. परत त्ये मोहोळ हुईल. पोरीच्या बारशाला अपशकुन कशाला?"

"आगं, ही गाडी तसली न्हाय. पानी हलत न्हाय हिच्यात."

आक्का उठल्या आणि आतून एक गाठोडं घेऊन आल्या. त्यात एक कुंची होती, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची असते ती. हिरव्या खणाची, कडेला मणी ओवलेले. घडीच्या रेषा पडल्या होत्या.

"ही म्हेशाची. त्याच्या बारशाला शिवली होती. मोहोळातनं माझ्यासंगं परत आली," त्या म्हणाल्या. "ही तेवढी घिऊन जावा. नाव तुमीच ठिवा."

मामांनी कुंचीला हात लावला नाही. "तूच घिऊन यायची," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडी पुसायला लागले.

कुंभारीच्या अलीकडे

सकाळी आक्का तयार होऊन दारात. रिकाम्या पोटी, पदराला लिंबू, कमरेला आलेपाकाची पुडी, काखेत कुंचीचं गाठोडं, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांचं भेंडोळं. लढाईला निघाल्यासारख्याच. डिकी भरली. ज्वारीचं पोतं, शेंगांचं पोतं, भाकरीची दुरडी, तुपाची बरणी, आणि वर माझी बॅग. डिकीला मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

"आक्कांना पुढे बसवू या," मी म्हणाले. "समोर रस्ता दिसला की मळमळ कमी होते."

दोघेही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी आक्कांना टपावर बसवायला सांगितलं होतं.

"भैन फुडं अन् मुराळी मागं?" मामा म्हणाले. "लोक थुकतील माझ्या तोंडावर. अन् मागची सीट हाय कशाला? मानाची सीट हाय ती! शोरूमवाला म्हनला, मालक मागंच बसतो."

"मग तुम्ही का बसत नाही?"

"मला मागं बसायची सवयच न्हाय. लहानपनापासनं न्हाय."

आक्कांनीही मान हलवली. "बायामानसानं फुडं बसायचं बरं दिसत न्हाय गं." मी पाहुणी. स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

मामांनी मग मान करायला सुरुवात केली. आक्कांना मागे बसवलं, ऊन नको म्हणून बटण दाबून दोन्ही खिडक्यांचे पडदे वर केले, काचा बंद, एसी फुल्ल, वर अत्तराची नवी बाटली. आता ही गाडी दिसायला देखणी आहे ती छत मागे उतरत गेल्यामुळे, आणि त्या देखणेपणाची किंमत मागचा माणूस देतो. आक्कांचा अंबाडा छताला टेकला. समोर मामांच्या सीटची भली मोठी पाठ, बाजूला काळे पडदे, खाली चर्रर्र करणारं गरम प्लास्टिक. मासिकात मी याला 'खासगीपणा' असा शब्द वापरते. पुन्हा वापरणार नाही.

पाचच मिनिटांत मागून ओरडा आला. "आगं बाई! पाठीत कोन बुक्क्या मारतंय?"

मामांनी आरामासाठी मसाजचं बटण दाबलं होतं. आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या मारतात, ही चाल आमच्याकडे आणि इकडे सारखीच.

"शिवा, बारसं उद्या हाय की रं! आजच काय मारतोस?"

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं वळसंगपर्यंत टिकलं. त्यानंतर आक्का लिंबू हुंगायला लागल्या, आणि कुंभारी यायच्या आत त्यांनी मामांच्या सीटची पाठ घट्ट धरली. मी गाडी कडेला घेतली. पुढचं सांगत नाही.

आक्का बाभळीखाली बसल्या. मी वैतागून अत्तराची बाटली झाडीत फेकली. "मामा, तो वास आणि ते प्लास्टिक. कुणालाही उलटी होईल. काढा ते!"

मामांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग मागचं दार उघडून दोन्ही हातांनी प्लास्टिक टराटरा फाडलं. स्वतःच्या सीटचंसुद्धा. चेहरा असा, जणू म्हशीचं रेडकू विकायला काढलंय. फाडलेलं प्लास्टिक मात्र घडी घालून डिकीत ठेवलं.

"आता बस आक्का. आता गार हवा येती बघ."

आली. मऊ चामड्यातून पाठीला गारेगार हवा. सोलापूर शहर त्यावर निभावलं, आणि मला वाटलं आपण जिंकलो.

मोहोळच्या आधी

कसलं काय! हायवेला लागल्यावर अर्ध्या तासात आक्का पांढऱ्याफटक. चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली. त्या उतरल्या त्या दाराला धरूनच.

"शिवा," त्या म्हणाल्या, "मला परत सोड. मोहोळ आलं बघ फुडं. मला काय बारशासाठी ह्ये गाव वलांडायचं नशिबात न्हाय." आणि रडायला लागल्या. काखेतलं गाठोडं सोडून त्यांनी कुंची माझ्या हातात दिली.

मामा उतरले. "चा सांगतो," म्हणाले आणि टपरीकडे गेले. तिथे आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. उपरण्याने डोळे पुसत होते, ते मला दिसलं.

उन्हात उभं राहवेना म्हणून आक्का मामांच्या उघड्या दारातून पुढच्या सीटवर जरा टेकल्या. पाय आत घेतले. समोरच्या काचेतून लांबवर रस्ता, आणि रस्त्यावर उसाची एक बैलगाडी हळूहळू येत होती. आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. तोंडावर जरा रंग आला.

"बापू आमाला असंच फुडं बसवायचे, गाडीत," त्या म्हणाल्या. "मी ह्या बाजूला, शिवा त्या बाजूला. बैलांची शेपटं तोंडावर यायची. लई ग्वाड वाटायचं."

"तेव्हा कधी उलटी झाली?"

"छ्या! तवा कशाला हुईल?"

"मग कधीपासून होते?"

आक्का विचारात पडल्या. "लगीन झालं. जीपनं पाठवनी केली. बाया मागं, शिवा फुडं. तवापासनं."

माझं डोकंच सटकलं. एवढी वर्षं! तिकडचं पाणी म्हणे! मी त्यांचा पट्टा लावला, दार ओढून घेतलं, माझ्या जागेवर येऊन बसले आणि सगळी दारं लॉक केली. एकच सोडलं, मागचं.

मामा तीन कप चहा सांभाळत आले. पुढचं दार उघडेना. काचेवर टकटक केलं. मी काच बोटभर खाली घेतली.

"मामा, मुराळ्याने आज मागे बसायचं. मानाची सीट आहे."

"आवं ताई, आसं कुटं असतंय व्हय? टपरीवरची लोकं बघत्यात की!"

"बघू देत. नाहीतर आक्का चालल्या परत. नातीचं नाव तुम्ही ठेवा, आणि बुक्क्याही तुम्हीच खा."

मामा हातात चहा घेऊन उभे. मग काचेतून त्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का बघत होत्या समोर, रस्त्याकडे, आणि लिंबू मांडीवर पडलं होतं. मामांनी कप टपरीवाल्याला परत दिले, टोपी काढली, कारण मागे ती मावत नव्हती, आणि वाकून मागच्या सीटवर शिरले.

मोहोळ

मोहोळ आलं. आक्कांनी माझा दंड धरला. मोहोळ गेलं. आक्कांनी दंड सोडला नाही, पण मान वळवून मागे गेलेल्या गावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंसं हाय व्हय गं हे?"

मग त्या ज्या सुटल्या! पाट्या वाचायला लागल्या. समोरच्या ट्रॉलीतला ऊस कुठल्या जातीचा ते सांगायला लागल्या. छताची काच उघडली तर वर बघून हात जोडले. समोरच्या स्क्रीनवरच्या नकाशात आमची गाडी बाणासारखी सरकताना पाहून विचारलं, "ह्येला कसं कळतं आपुन कुटं हाय ते?" रंगीत लाइट हिरवी करून घेतली, कुंचीच्या रंगाची. सीटची गार हवा तीन नंबरवर. आलेपाकाचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला, पण आता खाऊ म्हणून.

"शिवा सांगत व्हता, लई पळती म्हनं. ह्याच्यात एवढाच दम हाय?"

कालपासून माझा पाय शिवशिवत होता. रस्ता मोकळा होता. मी म्हणाले, "धरा आक्का," आणि पाय दाबला. गाडी दबली आणि उधळली. पाठ सीटला चिकटली. शंभर व्हायच्या आतच मी पाय काढला, पण तेवढ्यात आक्कांच्या तोंडून "आयाया गं!" अशी आरोळी निघाली, आणि मागोमाग हसू. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आनि येकदा," त्या म्हणाल्या. आणखी एकदा केलं.

पुढे लहान रस्ता लागला, वळणं, खड्डे, ट्रॉल्या. माझ्या लक्षात आलं, मागून बराच वेळ काही आवाज नाही. आरशात पाहिलं. मामांचा चेहरा उसाच्या वाढ्यासारखा हिरवट झाला होता. एका हाताने डोकं छताला लागू नये म्हणून धरलेलं, दुसऱ्याने पोट.

"मामा, बरं आहे ना?"

"व्हय, व्हय. झ्याक हाय." मग थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, "ताई... जरा गाडी... बाजूला..."

मी ब्रेक मारला. मामा दार उघडून उसाच्या कडेला धावले. मी उतरणार, तेवढ्यात आक्का पट्टा सोडून त्यांच्या मागे पोचल्यासुद्धा. एका हाताने त्यांचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळत होत्या. आयुष्यभराचा सराव तो. मग पदराचं लिंबू सोडून त्यांच्या हातात दिलं.

"हुंग. मोठ्यानं. अन् लांब बघ, खाली बघू नगंस."

मामा उकिडवे बसून लिंबू हुंगत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आक्का, लई वंगाळ असतंय गं ह्ये."

"व्हय की."

"मला वाटायचं तू नाटक करतीस."

"म्हाईत हाय मला," आक्का म्हणाल्या. "ऊठ आता. पोरीचं बारसं हाय."

मामा उठले आणि पुढच्या दाराकडे गेले. सवयीने. दाराला हात लावला, थांबले, आणि ते दार आक्कांसाठी धरून उभे राहिले.

पुन्हा श्रीपूर

बारसं झालं. पाळण्यातल्या लेकीला हिरवी कुंची घातली. आक्कांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं, आणि मांडवातल्या सगळ्या बायका त्यांच्या पाठीवर तुटून पडल्या. नाव ठेवलं गंगा. शुभदाला दुसरंच हवं होतं, पण आक्कांनी ते ज्या आवाजात सांगितलं, त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही. मामा पाळण्याच्या दोरीशी उभे होते आणि उघडउघड रडत होते. टोपीने डोळे पुसत होते, त्यामुळे टोपी ओली.

मासिकासाठी मी लेख लिहिला आहे. पुढची सीट उत्तम, डिकी अफाट, मसाजचं बटण सांभाळून वापरावं. मागच्या सीटबद्दल एकच ओळ लिहिली, की गाडी घेण्याआधी घेणाऱ्याने त्या सीटवर बसून मोहोळच्या पुढे जाऊन यावं. संपादकांनी ती काढली.

आक्का चार दिवस राहिल्या. परत निघायच्या दिवशी मी मामांना म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? मी सोडून येते त्यांना."

"वा वा! मुराळी नगं व्हय?" मामा म्हणाले. कडक इस्त्रीचा शर्ट होता. टोपी त्यांनी आधीच काढून खिशात घातली होती. आक्कांना त्यांनी पुढे बसवलं, पट्टा लावून दिला, गार हवा तीनवर केली. भावकीतली दहा माणसं दारात बघत होती. त्यांच्या देखत मामा वाकले, मागच्या सीटवर शिरले, काच पूर्ण खाली घेतली, आणि खिशातून स्वतःचं लिंबू काढलं.

"चला ताई," ते म्हणाले, आणि मग आक्कांच्या सासरच्या भाषेत, जी त्यांनी आजवर कधी तोंडी घेतली नव्हती, "निधान. म्हंजी, जरा हळू."